फाइली कॉपी करण्याचा वेग: कमांड लाइन की माउस? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाचे फोटो बाहेरच्या डिस्कवर टाकणारे स्टुडिओवाले, शाळेच्या कार्यालयातला बॅकअप सांभाळणारे कर्मचारी, नुकतंच उबुंटू बसवलेले विद्यार्थी अशा अनेकांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. साधे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. कमांड लाइन म्हणजे माउसऐवजी कमांड टाइप करून काम सांगायची काळी खिडकी. कमांड आणि त्यांचे पर्याय इथे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं वापरा.

१. कमांड लाइनने कॉपी केलं की खरंच लवकर होतं का?

एकच मोठी फाइल असेल तर जवळजवळ फरक पडत नाही. हजारो बारीक फाइली असतील किंवा कॉपी नेटवर्कवरून होत असेल तर पडतो, आणि कधीकधी चांगलाच पडतो.

कॉपीचं मूळ काम दोघंही ऑपरेटिंग सिस्टिमकडूनच करून घेतात. लिनक्सवर सीपी ही कॉपीची कमांड असो की नॉटिलस हा फाइल मॅनेजर, वाचायला आणि लिहायला शेवटी कर्नललाच (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) सांगावं लागतं. विंडोजमध्येही तसंच. डिस्क सेकंदाला १०० एमबी लिहीत असेल तर काळ्या खिडकीत कमांड दिल्याने ती १५० लिहिणार नाही. फरक येतो तो आजूबाजूच्या कामांत: आधी सगळ्या फाइली मोजायच्या का, एका वेळी एकच फाइल घ्यायची की आठ, प्रत्येक फाइलीनंतर पडद्यावरची पट्टी हलवायची का, आणि "झालं" असं केव्हा सांगायचं. या शेवटच्या गोष्टीकडे फार कमी लोक बघतात. माझ्या मते वेगाच्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच आहे. त्यासाठी प्रश्न ७ आणि ८ जरूर वाचा.

२. माझ्या डिस्कवर किती वेग यायला हवा?

आधी एकक तपासा. नेटवर्क आणि यूएसबीचे आकडे बिटमध्ये छापलेले असतात, कॉपीची खिडकी बाइटमध्ये दाखवते. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १ गिगाबिटच्या नेटवर्कवर कागदावर १२५ आणि प्रत्यक्षात ११० एमबीच्या आसपास वेग मिळाला तर सगळं व्यवस्थित चाललं आहे.

यूएसबी २.० वर ४८० मेगाबिट लिहिलेलं असलं तरी हाती सेकंदाला ३० ते ४० एमबी येतात. फिरती हार्ड डिस्क मोठ्या फाइलींना साधारण १०० ते २०० देते, साटा जोडणीचा एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) ५०० ते ५५०, एनव्हीएमई एसएसडी त्याच्या कित्येक पट. साखळीतली सगळ्यात मंद कडी वेग ठरवते. नवा कोरा एसएसडी जुन्या यूएसबी २.० च्या खाचेत लावला की तो ३५ वरच थांबणार, मग कमांड कुठलीही द्या.

३. ४ जीबीचा एक व्हिडिओ मिनिटभरात जातो, पण तेवढ्याच आकाराचं फोल्डर अर्धा तास घेतं. असं का?

कारण त्या फोल्डरमध्ये बहुधा हजारो फाइली आहेत. चार पोती धान्य चार खेपांत पोचतं. तेच धान्य पावशेराच्या पुड्या बांधून, प्रत्येक पुडीची नोंद वहीत करून पाठवायचं म्हटलं तर दिवस जातो. फाइल तीन केबीची असली तरी ती उघडायची, दुसरीकडे नवी तयार करायची, नाव, तारीख आणि परवानग्या लिहायच्या, बंद करायची हे सगळं करावंच लागतं.

फिरत्या डिस्कवर हे फार महाग पडतं. डोकं एका जागेवरून दुसरीकडे नेऊन नेमकी जागा गाठायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात. ५०,००० फाइली आणि प्रत्येकीला अशा फक्त दोन हालचाली धरल्या, तरी १,००० सेकंद, म्हणजे जवळपास १७ मिनिटं, नुसत्या हालचालींत जातात. त्यात डेटा लिहिण्याचा वेळ अजून धरलेलाच नाही. एसएसडीला डोकं नसतं, त्यामुळे तिथे हा फटका कमी बसतो, पण नोंदींचं काम तिथेही चुकत नाही.

फोल्डर नुसतं जपून ठेवायचं असेल आणि रोज उघडायचं नसेल, तर आधी टार किंवा झिपने सगळ्या फाइली एकात बांधून ती एकच फाइल न्या.

४. विंडोजमध्ये कॉपी, एक्सकॉपी, रोबोकॉपी आणि पॉवरशेल यांपैकी काय वापरू?

रोबोकॉपी. ती १९९०च्या दशकात विंडोज एनटी ४.० च्या रिसोर्स किटमधून (जादा साधनांच्या संचातून) आली आणि विंडोज व्हिस्टापासून विंडोजमध्येच असते, त्यामुळे वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही. मध्येच वीज गेली तर तीच कमांड पुन्हा द्या. पोचलेल्या फाइली ती सोडून देते. एक्सप्लोररमध्ये (विंडोजच्या फाइलींच्या खिडकीत) अशा वेळी "बदलू की वगळू" हे तुम्हालाच ठरवत बसावं लागतं.

कॉपी ही कमांड एकदोन फाइलींपुरती ठीक. एक्सकॉपी चालते, पण रोबोकॉपी असताना तिची गरज उरत नाही. पॉवरशेलची कॉपी-आयटम ही कमांड स्क्रिप्टमध्ये सोयीची आहे, मात्र हजारो बारीक फाइलींना ती रोबोकॉपीच्या मागे पडते.

दोन गोष्टी पहिल्याच दिवशी लक्षात ठेवा. रोबोकॉपी फाइल न मिळाल्यास मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करते आणि दर दोन प्रयत्नांमध्ये ३० सेकंद थांबते. एखादी फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी असेल तर कॉपी तिथेच अडकून पडल्यासारखी दिसते. म्हणून /आर:२ आणि /डब्ल्यू:५ कायम द्या. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे: /एमआयआर हा पर्याय दोन्हीकडे अगदी सारखं करतो, म्हणजे मूळ फोल्डरमध्ये नसलेल्या फाइली दुसरीकडून पुसून टाकतो. दोन्ही पत्ते उलटे दिलेत आणि नवी डिस्क रिकामी असली, तर मूळ फोल्डर साफ होईल. आधी /एल देऊन काय होणार आहे याची नुसती यादी बघा आणि मगच खरी कमांड द्या.

५. रोबोकॉपीत /एमटी किती ठेवू? १२८ दिलं तर सगळ्यात वेगात होईल का?

/एमटी म्हणजे एका वेळी किती फाइली हाताळायच्या. विंडोज ७ पासून हा पर्याय आहे. नुसतं /एमटी लिहिलं तर ८, आणि मर्यादा १ ते १२८.

नेटवर्कवर किंवा एसएसडीवर बारीक फाइली असतील तर १६ किंवा ३२ ने चांगला फायदा दिसतो. फिरत्या डिस्कवर उलटा परिणाम होऊ शकतो, कारण एकच डोकं अनेक जागी पळत राहतं. तिथे ८ च्या खाली राहा किंवा /एमटी देऊच नका. एकाच मोठ्या फाइलीला याचा काहीही उपयोग नाही, कारण रोबोकॉपी फाइलीचे तुकडे करून वाटत नाही. अशा फाइलीसाठी /जे बघा. त्याने विंडोजची कॅश (रॅममधली तात्पुरती साठवण) टाळून थेट लिहिलं जातं, आणि कित्येक जीबीच्या फाइलींना ते मानवतं.

/एमटी वापरताना यादी पडद्यावर न सोडता /लॉग देऊन फाइलीत पाठवा. मायक्रोसॉफ्टही हेच सुचवते. हजारो ओळी पडद्यावर छापण्यातही वेळ जातो. आणि /झेड सहज म्हणून देऊ नका. तुटलेली कॉपी मधूनच पुढे चालू करता यावी म्हणून तो दर टप्प्याची नोंद ठेवतो, त्यामुळे वेग कमी होतो. नेटवर्क वारंवार तुटत असेल तरच तो घ्या.

६. उबुंटूवर नॉटिलसपेक्षा सीपी वेगवान आहे का? डॉल्फिन, थुनार यांचं काय?

डॉल्फिन आणि थुनार हेही नॉटिलससारखे फाइल मॅनेजरच. मोठ्या फाइलींना सगळे सारखेच. बारीक फाइलींना सीपी पुढे असते, कारण ती मोजदाद न करता थेट कामाला लागते आणि काहीही दाखवत नाही. नॉटिलस आणि डॉल्फिन आधी पूर्ण फोल्डर पालथं घालून आकडा काढतात, त्याशिवाय टक्केवारी दाखवता येत नाही. शिवाय ते फोल्डर खिडकीत उघडं असेल तर नव्या फाइलींची लघुचित्रं बनवणं सुरू होतं. फोटोंच्या फोल्डरमध्ये हे जाणवतं, आणि कॉपी चालू असताना ती खिडकी नुसती बंद केली तरी मदत होते.

खरा मोठा फरक दिसतो तो दुसऱ्या संगणकावरचं फोल्डर फाइल मॅनेजरमधून उघडल्यावर. तिथे मध्ये आणखी एक थर येतो. प्रश्न १३ पाहा.

७. लिनक्सवर पेनड्राइव्हची कॉपी काही सेकंदांत १००% होते आणि मग पाच मिनिटं तिथेच थांबते. पेनड्राइव्ह खराब आहे का?

नाही. पट्टीने तुम्हाला जे सांगितलं ते डेटा रॅममध्ये पोचल्याचं होतं.

लिनक्स लिहायचा डेटा आधी रॅममध्ये घेतं आणि मागाहून सवडीने उपकरणावर उतरवतं. असा न उतरलेला डेटा किती साचू द्यायचा याची सीमा उपलब्ध मेमरीच्या टक्केवारीत ठरलेली असते: मूळ मांडणीत १० टक्क्यांना मागच्या मागे लिहिणं सुरू होतं आणि २० टक्क्यांना लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाच थोपवलं जातं. १६ जीबी रॅमच्या संगणकात यात सहज ३ जीबी मावतात. पेनड्राइव्ह सेकंदाला १० एमबी लिहिणारा असेल, तर ३ जीबी उतरायला ३०० सेकंद लागतात. तुमची पाच मिनिटं ती हीच.

हे डोळ्यांनी पाहता येतं. कॉपी चालू असताना दुसऱ्या टर्मिनलमध्ये प्रॉक फोल्डरातली मेमइन्फो ही फाइल दर सेकंदाला पाहत राहा. त्यात "डर्टी" नावाची ओळ असते. कॉपी सुरू होताच तिचा आकडा झपाट्याने चढतो, पट्टी १००% ला पोचते, आणि मग तो आकडा पेनड्राइव्हच्या खऱ्या वेगाने हळूहळू उतरतो. तो शून्याजवळ आला आणि शेजारची "राइटबॅक" ही ओळही रिकामी झाली, की कॉपी खरोखर संपली.

सीपी तर याहून फसवी वाटते. ती प्रॉम्प्ट परत देते, पट्टी नाही, अडकणं नाही, आणि लोक पेनड्राइव्ह उपसून नेतात. अर्धवट फाइली इथेच जन्माला येतात. सीपीनंतर सिंक ही कमांड द्या आणि ती परत येईपर्यंत थांबा. फाइल मॅनेजरमध्ये इजेक्ट दाबा आणि "आता काढू शकता" असा निरोप येईपर्यंत हात लावू नका.

८. विंडोजमध्ये वेग आधी ५०० दाखवतो आणि मग ४० वर कोसळतो. एक्सप्लोररचा दोष आहे का?

बहुतेक वेळा नाही. सुरुवातीचा उंच डोंगर म्हणजे रॅम किंवा एसएसडीतली वेगवान राखीव जागा. स्वस्त एसएसडीमध्ये थोडा भाग असा ठेवलेला असतो की तिथे प्रत्येक पेशीत एकच बिट लिहिला जातो. ते झटपट होतं. तो भाग भरला की पेशीत तीन किंवा चार बिट कोंबून लिहावे लागतात आणि वेग पडतो. चार बिटांच्या काही एसएसडींचा वेग भरल्यानंतर फिरत्या डिस्कच्याही खाली जातो. रोबोकॉपीतही हीच घसरण होते, फक्त तिथे आलेख नसल्याने दिसत नाही.

यामागचा एक जुना किस्सा कळला की चित्र स्पष्ट होतं. विंडोज एक्सपीमध्ये कॉपीची खिडकी डेटा मेमरीत गेला की बंद व्हायची. डिस्कवर लिहिणं मागे चालूच असायचं. २००७ मध्ये व्हिस्टा आली आणि तिने मोठ्या फाइलींसाठी कॅश टाळून थेट लिहायला सुरुवात केली. खिडकी आता खरंखुरं लिहून होईपर्यंत उघडी राहू लागली. अनेक कामं प्रत्यक्षात तेवढ्याच किंवा कमी वेळात होत असूनही व्हिस्टाची कॉपी मंद आहे अशी जगभर ओरड झाली. २००८ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये मायक्रोसॉफ्टने बहुतेक ठिकाणी पुन्हा कॅशचा मार्ग धरला. तेव्हा खिडकी बंद होण्याच्या क्षणावरून दोन साधनांची तुलना करू नका.

विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कना मुळातच "झटपट काढणे" हे धोरण लागू असतं. त्यात लिहिण्याची कॅश बंद असते, म्हणून पेनड्राइव्हवर विंडोज लिनक्सपेक्षा मंद दिसतं आणि त्याची पट्टी मात्र जास्त विश्वासार्ह असते.

९. आरसिंक सगळ्यात वेगवान म्हणतात. मग माझ्याकडे ती सीपीपेक्षा मंद का?

पहिल्या वेळी ती मंदच असते. आरसिंक १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी लिहिली ती दोन संगणकांमधल्या हळू जोडणीसाठी: फाइलीतला बदललेला भागच पाठवायचा, बाकी वाचवायचं. एकाच संगणकावर दोन डिस्कांमध्ये कॉपी करताना ही हातचलाखी ती स्वतःहून बंद ठेवते आणि पूर्ण फाइल लिहिते. पण तेव्हाही पाठवणारा आणि घेणारा असे वेगळे प्रोसेस चालतात आणि डेटा त्यांच्यामधून जातो, म्हणून सीपी पुढे.

दुसऱ्या वेळी चित्र पालटतं. १ लाख फाइलींपैकी ४० बदलल्या असतील तर आरसिंक आकार आणि तारीख बघून तेवढ्याच नेते. सीपी सगळ्या पुन्हा लिहील. म्हणून पहिली खेप सीपी -ए ने आणि पुढच्या सगळ्या आरसिंक -ए ने, ही माझी शिफारस. दोन्हीकडे -ए विसरू नका, नाहीतर तारखा बदलतील आणि आरसिंकला सगळंच नवं वाटेल.

मूळ फोल्डरच्या नावापुढची तिरकी रेघ इथे महत्त्वाची आहे. "फोटो/" लिहिलंत तर आतल्या फाइली जातात, "फोटो" लिहिलंत तर ते फोल्डरच आत जाऊन बसतं. एकदा असं आणि एकदा तसं केलं की सगळ्याच्या दोन प्रती होतात.

१०. ४० जीबीचं फोल्डर एका क्षणात कॉपी झालं. खरंच झालं का?

झालं, पण डेटा हलला नाही. दोन शक्यता आहेत.

तुम्ही कॉपी न करता "मूव्ह" केलं असेल आणि दोन्ही जागा एकाच विभागात असतील, तर फक्त पत्ता बदलतो. डी वरून ई वर नेताना मात्र आधी कॉपी आणि मग पुसणं होतं.

दुसरी शक्यता: फाइल सिस्टिमने (डिस्कवर फाइलींची मांडणी सांभाळणाऱ्या व्यवस्थेने) दोन्ही नावांना तोच डेटा दाखवला आहे आणि एकात बदल केलात की तेवढाच तुकडा वेगळा लिहिला जाईल. मॅकच्या एपीएफएस या फाइल सिस्टिमवर फाइंडरमधलं "डुप्लिकेट" हेच करतं. तिथे टर्मिनलमधल्या सीपीला -सी द्यावं लागतं. लिनक्समध्ये बीटीआरएफएस आणि एक्सएफएस या फाइल सिस्टिमांवर हे जमतं, आणि कोअरयुटिल्सच्या (सीपी ज्या संचात येते त्याच्या) २०२१ मधल्या ९.० आवृत्तीपासून सीपी ते न सांगता करते. ईएक्सटी४ या उबुंटूच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमवर ही सोय नाही.

अशी प्रत बॅकअप मानू नका. डिस्कवरचा तो एकच तुकडा बिघडला तर दोन्ही फाइली जातात.

११. डीडीने फोल्डर वेगात कॉपी होतं का?

डीडी फोल्डरसाठी नाहीच. ती पूर्ण डिस्क किंवा एक फाइल बाइटमागून बाइट उतरवते. मूळ मांडणीत ती एका वेळी ५१२ बाइट घेते, म्हणून फार रेंगाळते. बीएस=४एम द्या, वेग लगेच सुधारतो. आयएसओवरून (डिस्कच्या प्रतिमेच्या फाइलीवरून) पेनड्राइव्ह बनवताना कॉन्व्ह=एफसिंक जोडा, म्हणजे प्रश्न ७ मधली फसगत होणार नाही. ओएफपुढे (जिथे लिहायचं ती जागा) चुकीच्या डिस्कचं नाव पडलं तर ती डिस्क न विचारता पुसली जाते. एंटर दाबण्याआधी एलएसबीएलके ही डिस्कांची यादी दाखवणारी कमांड देऊन नाव ताडून घ्या.

१२. फोनमधले फोटो केबलने घ्यायला तास लागतो. इथे कमांड लाइन मदत करेल का?

अँड्रॉइडमध्ये हो, भरपूर. केबल लावल्यावर फोन एमटीपी या पद्धतीने बोलतो. त्यात एका वेळी एकच देवाणघेवाण होते आणि फोल्डर उघडतानाच सगळ्या फाइलींची माहिती मागवली जाते. कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये दहा हजार फोटो असले की नुसती यादी यायलाच वेळ लागतो. विंडोज अशा फोनला ड्राइव्हचं अक्षर देत नाही, त्यामुळे रोबोकॉपीही तिथे चालत नाही.

फोनमध्ये डेव्हलपर पर्याय आणि यूएसबी डीबगिंग चालू करून संगणकावर एडीबी या अँड्रॉइडच्या साधनाची पुल कमांड वापरा. तारखा टिकवायला -ए द्या. काम झालं की डीबगिंग बंद करा.

१३. ऑफिसच्या सर्व्हरवर किंवा एनएएसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीवर) कॉपी फारच हळू होते. काय बदलू?

बारीक फाइली असतील तर अडसर रुंदीचा नसून फेऱ्यांचा आहे. एसएमबीवर (विंडोजच्या नेटवर्क फोल्डरांच्या पद्धतीत) प्रत्येक फाइलीसाठी उघड, लिही, तारीख लाव, बंद कर असे निरोप जातात आणि प्रत्येकाच्या उत्तराची वाट पाहिली जाते. वायफायवर एका फेरीला ५ मिलिसेकंद आणि फाइलीमागे सहा फेऱ्या धरा: ३० मिलिसेकंद. २०,००० फाइलींना ६०० सेकंद, म्हणजे दहा मिनिटं, फक्त वाट पाहण्यात जातात. त्या काळात नेटवर्क जवळपास रिकामं असतं.

या जागी कमांड लाइन खरी कामी येते. एक्सप्लोरर एकामागून एक फाइल पाठवतो. रोबोकॉपी /एमटी:१६ सोळांची वाट एकाच वेळी पाहते. लिनक्सवर दुसऱ्या बाजूला एसएसएच (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी) असेल तर टारचा प्रवाह त्यातून पाठवा किंवा आरसिंक थेट एसएसएचवरून चालवा. फाइल मॅनेजरमध्ये जोडलेलं नेटवर्क फोल्डर आरसिंकला साध्या फोल्डरसारखं देऊ नका: तुलनेसाठीही सगळं नेटवर्कवरून ओढावं लागतं आणि आरसिंकचा मूळ फायदा जातो.

या सगळ्याच्या आधी एक केबल लावून बघा. वायफाय सोडून तार जोडली की अनेकांचा प्रश्न तिथेच सुटतो.

१४. अँटिव्हायरस बंद केला तर वेग वाढेल का?

बारीक फाइलींना, विशेषतः प्रोग्रॅम आणि स्क्रिप्ट असतील तर, वाढेल. कमांड लाइनने कॉपी केली तरी तपासणी चुकत नाही. ती फाइल सिस्टिमच्या पातळीवर बसलेली असते. तरीही सरसकट बंद करू नका, आणि बाहेरून आलेला पेनड्राइव्ह असेल तेव्हा तर मुळीच नाही. स्वतःच्या कामाचं एखादं ठरावीक, विश्वासाचं फोल्डर वगळणं पुरेसं असतं.

१५. मला स्वतः मोजून बघायचं आहे. कसं मोजू?

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे वाचण्याची कॅश. पहिल्यांदा कॉपी केलेलं फोल्डर रॅममध्ये राहतं, म्हणून जे साधन दुसऱ्यांदा चालवाल ते जिंकतं. आधी माउसने आणि मग कमांडने मोजणारे सगळे कमांडच्या बाजूने निकाल देतात, त्याचं कारण अनेकदा एवढंच असतं.

म्हणून प्रत्येक वेळेआधी संगणक रीस्टार्ट करा, किंवा लिनक्सवर सिंक देऊन ड्रॉप कॅशेस या फाइलीत ३ लिहा, म्हणजे ती कॅश रिकामी होते. कॉपी आणि सिंक दोन्ही मिळून टाइम या कमांडखाली मोजा; नुसती सीपी मोजली तर तुम्ही रॅमचा वेग मोजता. विंडोजमध्ये रोबोकॉपी शेवटी स्वतःच वेळ आणि वेग छापते. एक्सप्लोररला मात्र घड्याळच लावावं लागतं. दर वेळी रिकाम्या फोल्डरमध्ये लिहा, क्रम उलटापालटा करा, आणि मोठी फाइल व बारीक फाइली यांचे निकाल वेगळे ठेवा. दोन्हींची सरासरी काढली तर हाती काहीच लागत नाही.

१६. कॉपी बरोबर झाली की नाही हे कोण तपासतं?

एक्सप्लोरर, सीपी, रोबोकॉपी यांपैकी कोणीही लिहिलेली फाइल परत वाचून मूळाशी जुळवत नाही. आरसिंक पाठवताना चेकसम (डेटावरून काढलेली बेरीज) जुळवते, पण डिस्कवर उतरलेलं पुन्हा वाचत नाही. त्यासाठी आरसिंक -एसी पुन्हा चालवा, किंवा शा२५६सम या चेकसम काढणाऱ्या कमांडने यादी करून नंतर ताडा. विंडोजमध्ये पॉवरशेलची गेट-फाइलहॅश आहे.

याला कॉपीइतकाच वेळ लागतो. ग्राहकाच्या लग्नाचं मेमरी कार्ड पुसण्याआधी तो वेळ द्यावाच.

१७. आरसिंक किंवा रोबोकॉपी दर वेळी सगळ्याच फाइली पुन्हा कॉपी करते. का?

दुसऱ्या डिस्कवर एफएटी३२ ही फाइल सिस्टिम असेल तर. तिथे वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यांत साठवली जाते, त्यामुळे १०:१५:०७ ची फाइल तिथे वेगळ्या वेळेची दिसते आणि बदललेली समजली जाते. आरसिंकला मॉडिफाय-विंडो=१ द्या, रोबोकॉपीला /एफएफटी. काही एनएएसवरही /एफएफटीने हाच प्रश्न सुटतो. आरसिंकमध्ये -ए राहून गेला असेल तर आधी प्रश्न ९ पाहा.

१८. दोन खिडक्यांत दोन कॉपी एकाच वेळी लावू का?

एकाच फिरत्या डिस्कवर नको. दोन्ही मिळून जास्त वेळ घेतील. वेगवेगळ्या डिस्कांच्या जोड्या असतील तर खुशाल लावा.

१९. रोबोकॉपीने पूर्ण डी ड्राइव्ह बाहेरच्या डिस्कवरच्या फोल्डरमध्ये टाकला आणि ते फोल्डरच गायब झालं!

घाबरू नका, डेटा तिथेच आहे. ड्राइव्हचं मूळ फोल्डर विंडोजमध्ये लपवलेलं आणि सिस्टिमचं अशा दोन खुणांचं असतं. रोबोकॉपी इमानदारीने त्या खुणाही नव्या फोल्डरला लावते, म्हणून एक्सप्लोरर ते दाखवत नाही. ॲट्रिब ही कमांड -एच -एस सह त्या फोल्डरवर चालवा, ते दिसू लागेल. पुढच्या वेळी रोबोकॉपीला /ए-:एसएच द्या. आणि तिचा निकाल स्क्रिप्टमध्ये तपासत असाल तर १ ला चूक समजू नका: १ म्हणजे फाइली व्यवस्थित कॉपी झाल्या. ८ आणि त्यापुढचे आकडे अपयशाचे.

२०. विंडोजवर नीट चालणारी मराठी नावाची फाइल लिनक्सवर जाताना "नाव फार लांब" म्हणते. नाव तर एका ओळीचं आहे.

विंडोजची फाइल सिस्टिम एनटीएफएस नावातली २५५ चिन्हं मोजते. ईएक्सटी४ २५५ बाइट मोजतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, म्हणून मर्यादा ८५ चिन्हांवर येते. आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. "महाराष्ट्र" या शब्दात दहा चिन्हं आहेत, म्हणजे ३० बाइट. शासन निर्णयाचं किंवा परिपत्रकाचं पूर्ण शीर्षक फाइलीला नाव म्हणून दिलं की ही सीमा सहज ओलांडली जाते. इथे सीपी, आरसिंक, नॉटिलस कोणीही काही करू शकत नाही. कॉपीआधी नाव छोटं करा.

विंडोजमध्येच कॉपी अडत असेल तर कारण वेगळं आहे: एक्सप्लोरर पूर्ण पत्ता २६० चिन्हांच्या पुढे गेला की अडखळतो. रोबोकॉपी असे लांब पत्ते निमूट पार करते. तिच्या खिडकीत मराठी नावांच्या जागी चौकोन दिसले तरी फाइलींची नावं शाबूत असतात. वाचता येणारी नोंद हवी असेल तर /युनिलॉग वापरा.

२१. जुन्या मॅकवरून आरसिंक केलं की "दऱ्या-खोऱ्या" नावाचं फोल्डर दोनदा दिसतं. बाकीची मराठी फोल्डरं ठीक आहेत.

कारण त्या नावातला ऱ. युनिकोडमध्ये ऱ हे एक स्वतंत्र चिन्ह आहे आणि र अधिक नुक्ता (खालचा टिंब) अशीही त्याची मांडणी होते. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नाव साठवताना ते फोडून ठेवते. लिनक्स आणि विंडोज जसं मिळेल तसं ठेवतात आणि दोघांना वेगळी नावं समजतात. म्हणून "सातारा" आणि "कोल्हापूर" एकदाच दिसतात, "दऱ्या-खोऱ्या" आणि "किनाऱ्यावरचे फोटो" दोनदा, आणि त्यातल्या सगळ्या फाइली दुसऱ्या फोल्डरमध्ये पुन्हा कॉपी होतात.

मॅकवरून पाठवताना आरसिंकला आयकॉन्व्ह=यूटीएफ-८-मॅक,यूटीएफ-८ द्या. त्यासाठी आरसिंकची तिसरी आवृत्ती लागते. जुन्या मॅकमध्ये ॲपलने दिलेली २.६.९ हे करत नाही. एपीएफएस नावं फोडत नाही, पण जुन्या डिस्कवरून आलेली फोडलेली नावं तिथेही तशीच राहतात. लिनक्सवर आधीच दोन-दोन फोल्डरं झाली असतील तर दोन्हींतल्या फाइली आधी ताडून एकत्र करा, मग कन्व्हएमव्ही ही नावांची मांडणी बदलणारी कमांड एनएफसी (जोडलेली चिन्हं) पर्यायासह चालवा. ती मुळात फक्त काय बदलेल ते दाखवते. यादी पटली की नोटेस्ट जोडून पुन्हा द्या.